लाकूड-सिमेंटची वटवाघूळ-पेटी: राखीव जंगलातील चार उन्हाळ्यांनंतरचे परीक्षण

भुसा, सिमेंट आणि माती यांचे मिश्रण साच्यात ओतून तयार केलेली गोल वटवाघूळ-पेटी गेले चार उन्हाळे आमच्या तपासणीत आहे, आणि तिच्याविषयी आता घाई न करता लिहिता येईल असे वाटते. पेटीचे वजन साधारण चार किलो आहे, वर उतरते छप्पर आहे, समोर काढता येणारे झाकण आहे आणि झाकणाच्या खालच्या कडेला वटवाघळाला आत शिरण्यासाठी एक आडवी फट आहे. जुन्या पानझडी वृक्षांच्या एका राखीव जंगलात, परवानाधारक निरीक्षकाच्या हाताखाली काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात राहून मी या पेट्या चढवल्या, उघडल्या आणि साफ केल्या. शेजारच्या झाडांवर तुलनेसाठी रंधा न मारलेल्या फळ्यांच्या चपट्या लाकडी पेट्याही होत्या. अशा गोल पेट्या अनेक कारखाने बनवतात आणि त्यांच्यात फारसा फरक नसतो, म्हणून येथे कोणत्याही कारखान्याचे नाव न घेता पेटीच्या प्रकाराविषयीच लिहीत आहे.

वस्तू म्हणून पेटी उत्तम आहे. प्रश्न निर्माण होतो तो तिच्यासोबत येणाऱ्या माहितीपत्रकातील ‘दुर्मीळ वटवाघळांसाठी हक्काचे घर’ या प्रकारच्या वाक्यामुळे, कारण घर कोणाचे आणि किती दिवसांचे, याचे उत्तर पेटीवर कमी आणि भोवतालच्या जंगलावर जास्त अवलंबून असते.

आधी पेटीच्या बांधणीविषयी. लाकूड-सिमेंटचे हे मिश्रण श्वास घेते, म्हणजे आतली वाफ भिंतीत मुरून हळूहळू बाहेर जाते आणि आत पाणी साचत नाही. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे वटवाघळाच्या नखांना पकड मिळते. सुतारपक्षी त्याला भोक पाडू शकत नाही, खारीला ते कुरतडता येत नाही, आणि दोन दशके पेटी टिकेल अशी रास्त अपेक्षा ठेवता येते. लाकडी पेट्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. आमच्या चपट्या पेट्यांपैकी काहींचे सांधे दुसऱ्याच पावसाळ्यात सुटू लागले होते, आणि फटीतून प्रकाश व वारा शिरू लागला की वटवाघूळ त्या पेटीकडे फिरकत नाही. लाकडी पेटी घेणाराने एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाहावी: लाकडावर वाळवीनाशक किंवा बुरशीनाशक लावलेले नसावे, कारण वटवाघूळ दिवसभर त्या पृष्ठभागाला पोट चिकटवून बसते आणि स्वतःचे अंग चाटून साफ करते.

गोल पेटीचा दोष तिच्या तळाशी आहे. चपटी पेटी खालून उघडी असते आणि लेंड्या आपोआप गळून पडतात. गोल पेटीचा तळ बंद असल्यामुळे त्या आत साठतात आणि दरवर्षी कोणीतरी शिडी लावून त्या काढाव्या लागतात. त्यातच रामगंगेसारखे लहान पक्षी फटीतून शेवाळ नेऊन घरटे बांधतात, गांधीलमाश्या छताला पोळे लावतात. एका वसंतात आमच्या गोल पेट्यांच्या मोठ्या भागात वटवाघळांऐवजी शेवाळच भरलेले होते. यावर सांगितला जाणारा उपाय असा की त्याच झाडाजवळ पक्ष्यांसाठी वेगळी पेटी टांगावी. तो आम्ही केला आणि त्याचा थोडा उपयोग झाला. झाकण धरून ठेवणारी तारेची कडी हाही कच्चा दुवा आहे. एका वादळानंतर एका पेटीचे झाकण झाडाच्या बुंध्याशी पडलेले सापडले. त्या दिवशी पेटी रिकामी होती, हे आमचे नशीब.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे पेटीत येते कोण. सामान्य उत्तर असे की सामान्य वटवाघळे येतात. चिमणीहून हलकी पिपिस्ट्रेल, लांब कानांची तपकिरी वटवाघळे, काही ठिकाणी नॉक्ट्यूल, यांना पेटी लवकर पटते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या ऑर्गन पाइप्स राष्ट्रीय उद्यानात १९९० च्या दशकापासून पेट्यांची नियमित तपासणी होत आली आहे, आणि तेथे पेट्या भरल्या त्या प्रामुख्याने गोल्ड्स वॉटल्ड बॅट या एकाच, शहराशीही जुळवून घेणाऱ्या जातीने. पेट्या वाढवल्या म्हणजे जातींचे वैविध्य वाढते, हा समज त्या अनुभवाने बराच सैल झाला. घोड्याच्या नालेसारखे नाक असलेल्या वटवाघळांना तर फटीची पेटी निरुपयोगीच आहे, कारण ती भिंतीवर सरपटत आत जात नाहीत. त्यांना उडत थेट आत शिरता येईल अशी मोकळी वाट आणि छताला उलटे लटकण्याइतकी जागा लागते.

जंगलातील दोन दुर्मीळ युरोपीय जातींचा विचार केला की चित्र अधिक गुंतागुंतीचे, आणि माझ्या मते अधिक रंजक, होते. युरोपीय समुदायाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात बेखस्टाइनचे वटवाघूळ आणि बार्बास्टेल या दोन्ही जाती दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी खास संरक्षित क्षेत्रे जाहीर करणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे. दोन्ही जुन्या जंगलात राहतात, दोन्ही वर्षाला साधारणपणे एकाच पिल्लाला जन्म देतात, आणि तरीही पेटीच्या बाबतीत दोघींची आवड अगदी वेगळी आहे.

बेखस्टाइनच्या माद्यांना सुतारपक्ष्याने कोरलेली जुनी ढोली आवडते, आणि गोल पेटी हा त्या ढोलीचा बऱ्यापैकी नमुना ठरतो. जर्मनीत त्या या पेट्यांत, इतकेच काय, पक्ष्यांच्या पेट्यांतही वसाहत करतात. व्यूर्त्सबुर्गजवळच्या जंगलात गेराल्ड केर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून अशा वसाहतींचा जो दीर्घ अभ्यास केला, तो पेट्यांमुळेच शक्य झाला. माद्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळख-चिप बसवली आणि पेटीच्या तोंडाशी ती वाचणारे यंत्र लावले, की कोणती मादी कोणत्या दिवशी कोणत्या पेटीत होती हे तिला हात न लावता समजते. त्यातून कळले की वसाहतीतील माद्या एकमेकींच्या नात्यातल्या असतात, मुली आईच्याच वसाहतीत राहतात, वसाहत रोज लहान गटांत फुटते आणि पुन्हा जुळते, आणि तरीही काही माद्यांची एकमेकींशी असलेली जवळीक वर्षानुवर्षे टिकते.

त्याच संशोधनातील एक प्रयोग पेटी विकत घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. संशोधकांनी काळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या पेट्या जोडीने टांगल्या. काळी उन्हात तापते, पांढरी थंड राहते. बाळंतपणापूर्वी माद्यांनी थंड पेट्यांना पसंती दिली आणि पिल्ले झाल्यावर त्या उबदार पेट्यांकडे वळल्या. कारण सरळ आहे. पिल्लू नसताना थंडीत शरीराचे तापमान उतरवून ऊर्जा वाचवणे मादीला परवडते. पिल्लाला दूध पाजताना मात्र शरीर गरम ठेवावे लागते आणि पिल्लाची वाढही उबेत लवकर होते. एकाच रंगाच्या, एकाच उंचीवरच्या, एकाच दिशेला तोंड केलेल्या दहा पेट्या घेणाऱ्याने वटवाघळांसाठी प्रत्यक्षात एकच खोली दहा वेळा बांधलेली असते. आम्ही पहिल्या वर्षी नेमके हेच केले होते. सगळ्या पेट्या दक्षिणेकडे तोंड करून, उन्हात, शिस्तीने एका रांगेत टांगल्या होत्या, आणि छायाचित्रात त्या फार छान दिसत होत्या.

दुसरा धडा परजीवींचा. बेखस्टाइनच्या अंगावर राहणारी एक पंखहीन वटवाघूळ-माशी आपले कोश वटवाघळांच्या वस्तीच्या जागेतच चिकटवते. कोश फुटून नवी माशी बाहेर पडेपर्यंत त्या ढोलीपासून दूर राहणे हा वटवाघळांच्या सतत घर बदलण्यामागचा एक हेतू असल्याचे याच अभ्यासात दिसले. एका वसाहतीला एका उन्हाळ्यात सुमारे ५० वेगवेगळ्या जागा लागू शकतात, हा आकडा प्रथम ऐकला तेव्हा मला तो छपाईतील चूक वाटला होता. पण न्यूझीलंडच्या एग्लिंटन खोऱ्यातील लांब शेपटीची वटवाघळेही जवळजवळ रोज झाड बदलतात आणि तेच झाड क्वचितच पुन्हा वापरतात, हे लक्षात घेतले की जंगलातील वटवाघळांसाठी ‘घर’ हा शब्दच अपुरा आहे असे वाटू लागते. त्यांना ढोल्यांनी भरलेला आख्खा पट्टा लागतो. तो पट्टा विकत मिळत नाही. ओकसारख्या झाडाला तशा ढोल्या धरायला शतक, कधी त्याहून अधिक काळ लागतो.

बार्बास्टेलच्या बाबतीत गोल पेटी नापास झाली, आणि आमच्या चार उन्हाळ्यांत तिच्यात एकही बार्बास्टेल सापडले नाही, याचे आता मला आश्चर्य वाटत नाही. या काळ्याभोर, चपट्या नाकाच्या वटवाघळाला ढोली नको असते. त्याला मेलेल्या किंवा मरणाऱ्या झाडाची सुटलेली साल हवी असते, जिच्यामागे अंग घट्ट दाबून बसता येईल. मध्य इटलीतील अब्रुत्सोच्या बीच जंगलांत झालेल्या अभ्यासात बार्बास्टेलने लाकूडतोड न होणारा जंगलाचा भाग आणि त्यातही मेलेली बीच झाडे निवडल्याचे दिसून आले. मध्य युरोपात ते घराच्या खिडक्यांच्या लाकडी झडपांमागे आणि चपट्या पेट्यांत मिळते, म्हणजे फट अरुंद आणि सपाट असेल तर माणसाने बनवलेली जागाही त्याला चालते. बार्बास्टेलसाठी पेटी घ्यायचीच असेल तर गोल पेटीचा मोह सोडावा आणि चपटी घ्यावी. सर्वांत चांगले म्हणजे वठलेले झाड उभे राहू द्यावे, कारण त्याला शिडी, खिळा आणि वार्षिक साफसफाई यांपैकी काहीच लागत नाही.

अमेरिकेतील इंडियाना बॅट याच गरजेची दुसरी बाजू दाखवते. १९६७ पासून संकटग्रस्त यादीत असलेल्या या जातीच्या माद्या उन्हाळ्यात वठलेल्या झाडांच्या सुटलेल्या सालीखाली पिल्ले वाढवतात, आणि तेथे खांबाभोवती कृत्रिम सालीचा पट्टा गुंडाळण्याचा उपाय काही ठिकाणी यशस्वी झाला आहे. जंगलात काय कमी पडले आहे हे आधी ओळखून मग वस्तू बनवली, की ती वस्तू उपयोगी पडते. बाजारात मात्र बहुधा उलटा प्रवास होतो. जी पेटी साच्यातून सहज निघते ती सर्व जातींसाठी असल्याचे सांगितले जाते.

उष्णतेविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पेटीमुळे प्रत्यक्ष हानी होऊ शकते ती याच बाबतीत. जिवंत झाडाच्या ढोलीला जाड, ओलसर भिंत असते आणि बाहेरच्या तापमानाचे चढउतार आत फार कमी पोहोचतात. पातळ लाकडी पेटी भर उन्हात टांगली तर आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते, आणि स्पेनमध्ये अतिउष्णतेने पेटीत वटवाघळे मेल्याची नोंद झालेली आहे. लाकूड-सिमेंटची भिंत या बाबतीत लाकडी फळीपेक्षा बरी आहे, ढोलीपेक्षा मात्र नाही. जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांत पेटी उन्हात टांगावी असे सांगितलेले असते आणि थंड प्रदेशात ते बरोबरही आहे. पण उन्हाळे जसे तीव्र होत आहेत तसे काही पेट्या सावलीत, काही अर्ध्या उन्हात ठेवून निवड वटवाघळांवर सोडणे अधिक शहाणपणाचे आहे. दुसऱ्या वर्षापासून आम्ही एकाच झाडाच्या तीन बाजूंना तीन पेट्या टांगू लागलो आणि त्या पेट्यांचा वापर रांगेतल्या पेट्यांपेक्षा स्पष्टपणे वाढला.

उंचीच्या बाबतीत जमिनीपासून किमान चार मीटर हे सर्वसाधारण माप आम्ही पाळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेटीसमोर उडण्याची वाट मोकळी हवी. फटीसमोर फांदी आली की पेटी बंद असल्यासारखीच. खिळा अॅल्युमिनियमचा वापरावा, कारण तो मऊ असतो आणि पुढे कधी ते झाड कापले गेले तर करवतीचे पाते तुटत नाही. झाड वाढते तसा खिळा खोडात गडप होत जातो, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी तो थोडा बाहेर ओढावा लागतो. हे कोणत्याही माहितीपत्रकात मी वाचलेले नाही. एका पेटीचा मागचा भाग वाढत्या खोडाच्या दाबाने तडकल्यावर ते आम्हाला कळले.

पेटी घेण्यापूर्वी ग्राहकाला सांगायला हवी, पण विक्रेता क्वचितच सांगतो, अशी आणखी एक गोष्ट कायद्याची आहे. युरोपात सर्व वटवाघळे कडक संरक्षणाखाली आहेत, आणि ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण प्रदेश कायद्यानुसार वटवाघळाची वस्तीची जागा ते त्या वेळी तेथे नसले तरीही संरक्षित मानली जाते. म्हणजे पहिले वटवाघूळ पेटीत येऊन गेले की पेटी पैसे देऊन घेतलेली असली तरी ती परवान्याशिवाय उघडण्याचा, हलवण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार उरत नाही. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. परंतु उत्सुकतेने दर आठवड्याला झाकण उघडून पाहू इच्छिणाऱ्या ग्राहकाने आधी हे समजून घ्यावे आणि त्याऐवजी संध्याकाळी बाहेर उभे राहून फटीतून निघणारी वटवाघळे मोजावीत.

माझी खरी तक्रार पेटीविरुद्ध नाही, पेटीच्या एका वापराविरुद्ध आहे. जुनी झाडे तोडायची असतील तेव्हा भरपाई म्हणून तितक्याच पेट्या टांगण्याची अट घालण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि कागदावर ती नीटनेटकी दिसते: दहा ढोल्या गेल्या, दहा पेट्या आल्या. एका उन्हाळ्यात ५० जागा बदलणाऱ्या वसाहतीच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा आहे. दहा पेट्यांत ढोल्यांइतके तापमानाचे वैविध्य नसते, त्यांच्या आसपास कीटक पोसणारे वठलेले लाकूड नसते, आणि वीस वर्षांनी पेट्या फुटल्यावर त्यांच्या जागी नव्या टांगणारे कोणी असेलच याची खात्री नसते. इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समधील एबरनो कॉमन या जंगलात बेखस्टाइन आणि बार्बास्टेल दोन्ही प्रजनन करतात, आणि त्याचे कारण तेथील जुने, पोकळ, वठलेले, पडलेले असे सगळे वृक्ष एकत्र असणे हे आहे. तेथील वटवाघळांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: ती रात्री जंगलाच्या सीमेबाहेर ओढे आणि झाडांच्या रांगांच्या आधाराने चरायला जातात. एखाद्या शेतकऱ्याने सीमेबाहेरची कुंपणाची झाडे तोडली तर आतल्या सगळ्या पेट्या जागेवर असूनही वसाहतीचा रस्ता तुटतो.

या सगळ्यानंतरही मी ही गोल पेटी पुन्हा घेईन, पण विशिष्ट कामासाठी. तरुण लागवडीच्या जंगलात, जेथे झाडांना ढोल्या धरायला अजून अनेक दशके आहेत, तेथे मधल्या काळासाठी ती उपयुक्त आहे. बेखस्टाइनची वसाहत जेथे आधीच आहे तेथे मोजणी आणि अभ्यासाचे साधन म्हणून तिला तोड नाही. पेटीचा सर्वांत मोठा लाभार्थी वटवाघूळ नसून मोजणारा माणूस आहे, असे मी अर्धे गमतीने म्हणतो. जुन्या, ढोल्यांनी समृद्ध राखीव जंगलात मात्र तिची गरज मला दिसत नाही.

टिकाऊपणासाठी मी गोल पेटीला पाचपैकी पाच गुण देईन, साफसफाईच्या सोयीसाठी दोन, आणि दुर्मीळ जातींसाठी उपयुक्ततेचे गुण जातीनुसार: बेखस्टाइनसाठी चार, बार्बास्टेलसाठी शून्य. चपट्या लाकडी पेटीला टिकाऊपणाचे दोनच, पण बार्बास्टेलसाठी तीन. घेणाऱ्याने कमीत कमी तीन पेट्यांचा संच घ्यावा, त्यांतील एक गडद आणि एक फिकट रंगाची असावी, आणि ज्या झाडावर त्या चढणार आहेत त्या झाडाची साल, खाचा आणि फांद्यांचे बेचके आधी दुर्बिणीने नीट पाहून घ्यावेत. आमच्या जंगलात ज्या दोन ओकवर पेट्या टांगायच्या ठरल्या होत्या, त्यांपैकी एकाच्या सुटलेल्या सालीमागे पाहणीच्या दिवशीच बार्बास्टेलच्या लेंड्या सापडल्या. ते झाड आम्ही तसेच सोडले, आणि त्या पेटीसाठी दुसरे, तरुण झाड निवडले.